ला, भाता मिटताना

सान्तियागोहून निघालेलं खोकं
आठव्या दिवशी दाल्काउएच्या धक्क्यावर आलं,
तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून आमच्या बेटावर.
एर्मिंदानं सुरी आणली. मी म्हटलं, हळू.

लाल अकॉर्डियन, ऐंशी बटणांचं,
खांद्याच्या पट्ट्यांना अजून दुकानाचा वास.
शिंपल्यांच्या कारखान्यातल्या दोन हंगामांच्या जादा पाळ्या
मी छातीशी बांधल्या
आणि भाता उघडला.

उघडताना सगळं ठीक.
मिटताना एकच स्वर, मधला ला,
बुटात पाणी शिरलेल्या माणसासारखा चालतो.

एर्मिंदा म्हणाली, मला नाही बाई ऐकू आलं.
मग म्हणाली, हां, आलं.
मग जेवताना, बटाटा सोलता सोलता :
आता तेवढंच ऐकू येतंय.

परत पाठवायला दहा दिवसांची मुदत.
फोनवरच्या अर्जात कारणं दिलेली,
तुटलं, रंग वेगळा निघाला, विचार बदलला.
उघडताना चांगलं, मिटताना नाही,
असं कारण कुठंच नव्हतं.
'विचार बदलला'वर बोट धरून मी इतका वेळ बसलो
की फोनच विझला.

ढोल वाजवणारा बेलार्मिनो म्हणतो, पाठव.
पैसे मोजलेत, भीक नाही मागितलीस.
ओतिलिया म्हणते, माझ्या व्हायोलिनला
चाळीस वर्षं एक खुंटी नाही, सुंभ गुंडाळलेली काडी आहे,
आणि मिरवणुकीत आजवर कुणी वळून पाहिलं नाही.
(खरं सांगायचं तर पाहिलंय. मी पाहिलंय.)

सहाव्या दिवशी खोकं खांद्यावर घेऊन
कुरियरच्या कचेरीत गेलो.
काउंटरवरची योसेलिन म्हणाली,
दोष वाजवून दाखवा, व्हिडिओ लागतो.
वाजवला.
ला स्वच्छ.
पुन्हा वाजवला. स्वच्छ, धुतल्या काचेसारखा.
तिसऱ्यांदा तर असा काही लागला
की रांगेतली लसणाच्या पेंढ्या घेऊन उभी असलेली बाई
पायानं ताल धरू लागली :
एवढं गोड वाजतंय, कशाला हो परत करता?
वैद्याच्या दारात ताप उतरलेल्या पोराच्या बापासारखा
मी ओशाळलो,
खोकं उचललं.

परतीच्या बोटीवर, दोन ट्रकांच्या मध्ये,
उगाच एकदा भाता मिटला.
आला.
तोच, बुटात पाणी घेऊन.
मी हसलो की शिवी घातली आठवत नाही.
बहुधा दोन्ही.

कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं खरं.
पण या बेटावर ते कुठं मुरत नाही?
दाराची चौकट, मीठ, माझा डावा गुडघा.
पत्तीखाली मेणाचा एखादा कण सुटला असेल,
उघडून बघता येईल.
पण उघडलं की वॉरंटी संपली.

दरम्यान हातांनी माझ्याआधीच काहीतरी ठरवलंय.
वॉल्ट्झमध्ये ला जवळ आला
की ते भाता आधीच वळवतात,
म्हणजे तो स्वर येईल तेव्हा छाती उघडत असेल.
अर्धा श्वास इकडचा तिकडे.
बेलार्मिनो कुरकुरतो, तू हल्ली लवकर पोचतोस.
ओतिलिया काही बोलत नाही,
पण काल तिचा गजही तिथंच वळला.

यामुळं राग कमी झाला असं नाही.
पूर्ण पैसे घेऊन अर्धा स्वर देणाऱ्याला
मी रोज सकाळी चूल पेटवताना दोन शब्द ऐकवतो.

उद्या शनिवार, शेवटचा दिवस.
खोकं पडवीत आहे,
आणि खोक्यात गुरुवारपासून तपकिरी कोंबडी
खुडूक होऊन बसलीय.
पाठवायचं तर तिला आज रात्रीच उठवायला हवं.

बॅटरी घेऊन गेलो.
तिनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं,
आणि परत पिसांत घातली.